खसखशीएवढी पोकळी

प्रमाणित करण्यात येते की, श्री. जयंत विष्णू सबनीस, वय वर्षे सत्तावन्न, राहणार मयूर विहार फेज वन, दिल्ली, मूळ गाव विचारल्यास आर. के. पुरम व फारच आग्रह केल्यास सातारा, हे नोएडातील एका धातुछपाई व लेझरकाम कंपनीत गुणवत्ता विभागाचे प्रमुख आहेत. बांधा मध्यम. ओळखीची खूण : शर्टाच्या खिशात सदैव असलेलं छोटं भिंग. सदर इसमाच्या स्वाक्षरीशिवाय कोणताही सुटा भाग कंपनीच्या फाटकाबाहेर जात नाही. सदर इसमाने आजवरच्या सेवेत एकही सदोष भाग मंजूर केल्याचे आढळून आलेले नाही. त्यांच्या तपासणीविना वापरात आणलेल्या भागाच्या टिकाऊपणाची हमी कोणासही देता येणार नाही.

असं प्रमाणपत्र जयंतरावांना कुणी दिलेलं नाही. दिलं असतं, तर त्यांनी त्यातले स्वल्पविराम तपासून ते फेरसादर करायला सांगितलं असतं. हा गुण वडिलांकडून आला होता. वडील केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. दुसऱ्याच्या टिपणावर ‘फेरसादर करावे’ असा शेरा मारण्यात त्यांची हयात गेली. मुलाने तेच चालवलं. फरक एवढाच की वडील कागद परत पाठवायचे आणि मुलगा धातू.

जयंतरावांची कंपनी नोएडाच्या सेक्टर त्रेसष्टमध्ये, अशा एका गल्लीत, जिथे बाहेरून सगळ्या इमारती एकसारख्या निळ्या काचेच्या आणि आत कोण काय करतं हे शेजाऱ्यालाही माहीत नसतं. एका दालनात लेझरने डागडुजी चाले. मुझफ्फरनगरकडच्या साखर कारखान्यांचे झिजलेले शाफ्ट यायचे. त्यांच्यावर लेझरने नव्या धातूची कातडी चढवायची आणि परत धाडायचे. दुसऱ्या दालनात छपाई. रांगोळीहून बारीक अशी धातूची भुकटी घ्यायची, तिचा पातळ थर पसरायचा, लेझरने हवा तेवढाच भाग वितळवायचा, वर पुन्हा थर, पुन्हा लेझर. असं करत करत भुकटीच्या ढिगात एक वस्तू तयार होते. मग ढीग बाजूला सारायचा, वस्तू काढायची, उरलेली भुकटी चाळून पुढच्या खेपेला घ्यायची.

“इंजिनिअर आहे म्हणून लग्न केलं,” वृंदा पाहुण्यांना सांगायची, “आणि निघाले पीठगिरणीवाले. दिवसभर चाळण धरतात.”

वृंदा म्हणजे जयंतरावांची बायको. सोसायटीच्या हॉलमध्ये ती दर रविवारी मराठी मुलांचा वर्ग घ्यायची. दिल्लीत जन्मलेली ही मुलं ‘माझी पेन्सिल गिरली’ म्हणत आणि त्यांच्या आयांना त्यात काही वावगं वाटत नसे. वृंदा ओरडायची, “पडली! पडली! गिरते ती गिरणी!” तिचा आवाज खणखणीत होता. सरोजिनी नगरच्या बाजारात तिने भाव पाडायला तोंड उघडलं की शेजारचा दुकानदारही आपोआप आपला भाव उतरवतो, असं तिची मुलगी कृतिका म्हणायची. घरात बोलण्याचं खातं वृंदाकडे आणि तपासण्याचं जयंतरावांकडे. चकली तळून झाली की ते एक उचलून खिडकीपाशी न्यायचे आणि म्हणायचे, “काटे एकसारखे नाहीत.” वृंदा म्हणायची, “मग नामंजूर करा आणि ठेवा खाली.” ते खाऊन टाकायचे.

नवरात्र संपता संपता वृंदाला खालच्या दाढेपाशी टोचायला लागलं. तिला वाटलं दाढ. दंतवैद्यालाही वाटलं दाढ. दाढ काढली, टोचणं तसंच राहिलं. मग मोठ्या हॉस्पिटलात तुकडा काढून तपासला, आणि जे कळायचं ते कळलं.

शस्त्रक्रिया डॉक्टर देविका नांबियार करणार होत्या. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, तंबाखू? सुपारी? गुटखा?

“डॉक्टर, आयुष्यात फक्त बडीशेप खाल्ली,” वृंदा म्हणाली. “हॉटेलातली. फुकटची.”

डॉक्टर हसल्या नाहीत. जबड्याचा एका बाजूचा तुकडा काढावा लागेल, त्या जागी टायटॅनियमची पट्टी बसेल. तयार पट्ट्या डब्यात मिळतात, टेबलावरच पकडीने वाकवून मापात बसवतात, वर्षानुवर्षं तेच करतात. “किंवा हल्ली स्कॅनवरून छापूनही घेतात,” त्या सहज म्हणाल्या.

जयंतराव खुर्चीत पुढे सरकले. नोकरीत पहिल्यांदाच त्यांना आपल्या कामाबद्दल कुणाला काही सांगावंसं वाटत होतं. “आमच्याकडे होतं ते,” ते म्हणाले. “आमच्याकडे परवाना आहे. मागच्याच महिन्यात मेरठच्या एका माणसाचा केला.”

“वेळेत मिळणार असेल तर करा,” डॉक्टर म्हणाल्या. तारीख दिवाळीनंतरची ठरली.

बाहेर आल्यावर वृंदाने विचारलं, “पकडीने वाकवतात म्हणजे? तारेसारखी?”

“तुझ्या बाबतीत नाही,” जयंतराव म्हणाले. “तुझी अगदी मापाची होईल. चकली खाशील.”

“काटे एकसारखे नसले तरी?”

“तरी.”

तर एवढंच हवं होतं. वृंदाने बोलावं, आणि चावून खावं.

जबड्याचं डिझाइन साकेतकडे आलं. साकेत पुण्याहून आलेला तिशीतला इंजिनिअर. सणावाराला सबनीसांकडे जेवायला असायचा. त्याने स्कॅन पडद्यावर उघडला आणि माऊसने कवटी सावकाश फिरवली. जयंतराव मागे उभे होते. तीस वर्षं ज्या चेहऱ्यासमोर चहा प्याला, त्याच्या आतलं हे सामान त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हनुवटी मात्र ओळखू आली.

“सर, काकूंचा डावा कोन जरा…”

“पार्ट म्हण,” जयंतराव म्हणाले.

“सर, पार्टचा डावा कोन जरा रुंद आहे.”

“आहेच तसा. तिच्या आईचाही होता.”

पहिला पार्ट वेळेत छापून झाला. टायटॅनियम हा जरा मानी धातू. गरम असताना त्याला हवा लागून चालत नाही. म्हणून मशिनमध्ये आर्गॉन वायू भरतात. तरी हवा शिरली तर धातूचा रंग सांगतो : आधी वाळल्या गवतासारखा, मग जांभळट, मग निळा, शेवटी राखाडी. गवती रंग एकवेळ चालतो. निळा आला की भाग नामंजूर, हा नियम जयंतरावांनी स्वतः भिंतीवर लावला होता. वृंदाचा पार्ट चांदीसारखा निघाला. त्याच्याच शेजारी, त्याच भुकटीतून एक पातळ कांडीही छापलेली असते. कारखान्यातले लोक तिला ‘गवाह’ म्हणतात. पार्ट मोडून बघता येत नाही, म्हणून कांडी ताणून तोडतात आणि तिच्या साक्षीवरून पार्टची पारख करतात. वृंदाच्या गवाहने उत्तम साक्ष दिली.

मग आतला एक्स-रे आला. वरच्या टोकाकडे, स्क्रूच्या भोकांपासून लांब, धातूत एक पोकळी होती. खसखशीच्या दाण्याएवढी, किंवा त्याहून लहानच.

साकेतने आकडा पाहिला आणि हुश्श केलं. “सर, नियमात बसतंय. आरामात.”

बसत होतं. मेरठच्या माणसाच्या जबड्यात याहून जरा मोठी होती; जयंतरावांनी ती पाहिली, नियम पाहिला आणि सही केली. त्या रात्री त्यांना झोपही व्यवस्थित लागली होती. पण आता ते त्या काळ्या ठिपक्याकडे भिंग लावून बघत राहिले. पडद्यावरच्या चित्राला भिंग लावून काही जास्त दिसत नाही, हे साकेतने सांगितलं नाही.

“पुन्हा छापू,” ते म्हणाले.

“सर, पण तारीख…”

“ती चावणार आहे यानं. रोज. किती वर्षं. तडा जातो तर इथूनच जातो.”

“मेरठवाले पण चावतातच ना, सर.”

जयंतरावांनी भिंग खिशात ठेवलं. वैद्यकीय भाग नामंजूर झाला, तर तो चुकून कुणी वापरू नये म्हणून कापून दोन तुकडे करायचे, असा नियम आहे. हाही त्यांनीच लावलेला. त्यांनी पार्ट शिकंज्यात धरला आणि स्वतःच्या हाताने कापला. तुकडे लाल पेटीत टाकले.

डॉक्टरांना फोन केला. त्या इंग्रजीत, सावकाश म्हणाल्या, “मिस्टर सबनीस, पट्टी थांबू शकते. आजार थांबत नाही. मी डब्यातली वापरते.”

“फक्त एक आठवडा,” जयंतराव म्हणाले. “मी स्वतः उभा राहून करून घेतो.”

डॉक्टरांनी पेशंटला विचारायला सांगितलं. पेशंट स्वयंपाकघरात मऊ भात कालवत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिने त्यांच्याकडे बघितलं.

“सापडला ना अखेर दोष बायकोच्या जबड्यात?” ती म्हणाली. “तीस वर्षं शोधत होता.”

“वृंदा, मी गमतीत नाही सांगत.”

“अहो, मी तरी कुठे? तुमची सही नाही, म्हणजे नाही. मला काय कळतं त्यातलं. एक आठवडाच ना?”

फोनवर कृतिका गुडगावहून म्हणाली, “बाबा, यार, डॉक्टर सांगतायत ना आत्ता करा म्हणून?” जयंतराव म्हणाले, “डॉक्टरांना धातूतलं कळत नाही.” ते खरं होतं. उलट बाजूही तितकीच खरी होती. ती कुणी बोललं नाही.

दिवाळीनंतर दिल्लीची हवा बिघडली. दरवर्षीच बिघडते, लोक सकाळी खिडकी उघडून ‘अच्छा, आज दिसतंय’ किंवा ‘आज दिसत नाही’ एवढंच म्हणतात. हवा फारच बिघडली की आजूबाजूच्या सगळ्या प्रदेशात डिझेल जनरेटरवर बंदी येते. बंदी रास्तच आहे. दुसरा पार्ट निम्म्यावर आला असताना सेक्टरची वीज गेली, जनरेटर कुलपात होता, आणि बॅटरीने जेवढा दम धरायचा तेवढा धरून मशीन थांबलं. वीज आल्यावर ते जिथे थांबलं होतं तिथून पुढे छापायला लागलं. पण त्या जागी पार्टवर केसासारखी एक रेघ राहिली. ती मात्र कुठल्याच नियमात बसत नव्हती. कुणीही नामंजूर केला असता.

“सर, पहिला असता तर…” साकेत म्हणाला. लाल पेटी भिंतीपाशी होती. दोघांनीही तिकडे बघायचं टाळलं.

तिसऱ्या पार्टच्या वेळी जयंतराव घरी फक्त अंघोळीला जात. आर्गॉनची टाकी यायला उशीर झाला, मग ती आली. पार्ट झाला. एक्स-रेत शोधूनही काही सापडेना. जयंतरावांनी आपल्या नोकरीत इतका निर्दोष भाग पाहिला नव्हता. त्यांनी सही केली आणि हिरवी चिठ्ठी बांधली.

एव्हाना डॉक्टरांनी आठवड्यानंतरची दिलेली तारीखही हुकली होती आणि पुढची लांब गेली होती. शस्त्रक्रियेआधी त्यांनी नवा स्कॅन केला. जुना आणि नवा शेजारी शेजारी पडद्यावर लावले. जयंतरावांना काही समजावून सांगावं लागलं नाही. दोन चित्रांतला फरक ओळखण्यावरच त्यांचं पोट चालत होतं. आजार हाडातून वर, कानाच्या दिशेने सरकला होता. आता हाड जास्त कापावं लागणार होतं. जिथे तिसऱ्या पार्टचं टोक स्क्रूने बसायचं, तिथे आता हाडच राहणार नव्हतं.

त्यांनी हातातला पार्टचा डबा उघडला नाही. डॉक्टरांनीही उघडा म्हटलं नाही.

“मी डब्यातली तयार पट्टी वापरते,” त्या म्हणाल्या. या वेळी त्या विचारत नव्हत्या.

शस्त्रक्रिया लांबली, पण पार पडली. वृंदाच्या जबड्यात डब्यातली एक लांब, तयार पट्टी गेली. कुठल्या लॉटची, कुठल्या भुकटीची, तिच्या गवाहने काय साक्ष दिली, हे जयंतरावांनी विचारलं नाही. पकडीने वाकवलेली होती.

वृंदा बोलायला लागली, पण शब्दांच्या कडा गेल्या होत्या. घरात जयंतरावांना सगळं कळायचं. एरवी कमी बोलणारा हा माणूस आता दोघांचं बोलायला लागला. कृतिका आली की आईचं ऐकायची आणि मग वडिलांकडे बघायची. “आई काय म्हणते, बाबा?”

“म्हणते, तू वाळलीस.”

“मी?” कृतिका म्हणायची, आणि उठून स्वयंपाकघरात जायची.

एका रविवारी वृंदा हट्टाने सोसायटीच्या हॉलमध्ये गेली. वर्गात एका मुलीची पेन्सिल खाली पडली. “मॅम, पेन्सिल गिरली.” वृंदाने दुरुस्त केलं. मुलीला कळलं नाही. वृंदाने पुन्हा सांगितलं, जोर लावून. मुलगी आपल्या आईकडे बघायला लागली. जयंतराव दाराशी उभे होते. ते म्हणाले, “पडली.” मुलगी म्हणाली, “पडली.” वृंदाने मान हलवली. घरी येताना लिफ्टमध्ये ती त्यांना म्हणाली, “तुम्हीच घ्या वर्ग.” पुढच्या रविवारी वर्ग झाला नाही, आणि त्यानंतरही.

त्याच थंडीत मेरठचा माणूस कंपनीत आला. शाळेत गणित शिकवायचा. ज्यांनी जबडा केला त्यांचे आभार मानायचे म्हणून मेरठची गजक, म्हणजे तिळगुळाची कडक वडी, घेऊन आला होता. ऑफिसात सगळे जमले. त्याने गजकचा जाड तुकडा तोंडात घातला आणि सगळ्यांसमोर कडाकडा चावून दाखवला. “देखिए! बिल्कुल घर का माल लगता है!” टाळ्या पडल्या. कुणीतरी जयंतरावांना पुढे ढकललं. “ये हैं सबनीस साहब, इनके साइन से ही गया था.” मास्तरांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. “आप देवता आदमी हैं, साहब. मुँह मीठा कीजिए.”

जयंतरावांनी गजक तोंडात टाकली. कुरकुरीत होती. साकेत खिडकीबाहेर बघत होता.

संध्याकाळी घरी वृंदाने विचारलं, “हसलात नाही आज?” तिच्या ‘हसलात’मधला ‘ह’ आणि ‘स’ दोन्ही नव्हते, पण जयंतरावांना कळलं.

“मेरठवाले आले होते,” ते म्हणाले. “बरे आहेत.”

“त्यांच्यात पोकळी होती ना हो? तुम्हीच म्हणाला होतात.”

“होती.”

वृंदाने चमच्याने पातळ खीर ढवळली. मग म्हणाली, “माझा पहिला कुठाय?”

“कापला.”

“आणि शेवटचा? तो तरी बघू द्या.”

मंजूर माल ग्राहकाकडे जातो. आणि ग्राहक तर घरातच होता. दुसऱ्या दिवशी जयंतरावांनी तो डबा घरी आणला. हिरवी चिठ्ठी तशीच होती. वृंदाने पार्ट हातात घेतला, दिव्याखाली फिरवून पाहिला, अगदी जयंतराव चकली बघायचे तसा. मग गालाला लावला. गाल आता आत गेलेला होता. पार्ट बाहेरच राहिला.

“छान आहे,” ती म्हणाली. “कोणाचा आहे?”

उत्तराची वाट न पाहता तिने पार्ट पुन्हा डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि झाकणावरून हात फिरवला. “राहू दे घरात. इतकी मेहनत केलीत,” असं काहीसं म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना तिचं बोलणं नीट कळलं नाही, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

उन्हाळ्यात आजार फुप्फुसांत गेला. होळीला ती बसून होती. आंबे आले तेव्हा पडून होती. रस दोन चमचे घ्यायची. शेवटी तेवढाही नको म्हणाली. साकेत रोज यायचा आणि स्वयंपाकघरात उभा राहून भांडी घासायचा. त्याला सांगितलेलं नसायचं. एका दुपारी, कूलरचा आवाज चालू असताना, वृंदा गेली.

निगमबोध घाटावर गर्दी होती. तिसऱ्या दिवशी अस्थी वेचायला जयंतराव आणि कृतिका गेले. यमुनेला पाणी कमी, वास जास्त. घाटावरच्या माणसाने राखेवर पाणी शिंपडलं आणि म्हणाला, “फूल चुन लीजिए, बाबूजी.” कृतिकाला आधी कळलं नाही कुठली फुलं. मग कळलं, इथे अस्थींनाच फूल म्हणतात, आणि ती वडिलांचा हात धरून खाली बसली.

दोघं राख चाळत होते. बोटांनीच. घाटावरच्या माणसाला काहीतरी लागलं. त्याने ते काडीने बाजूला सरकवलं. “ये लोहा है, अलग कर दूँ? नदी में नहीं डालते.”

“लोहा नहीं है,” जयंतराव म्हणाले.

“तो?”

“टायटॅनियम है.”

“अच्छा,” तो म्हणाला. हा शब्द त्याने ऐकलेला नव्हता, आणि ऐकायची गरजही नव्हती. “रखेंगे आप?”

जयंतरावांनी ती पट्टी उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि उपरण्याच्या गाठीतून भिंग काढलं.

“बाबा,” कृतिका म्हणाली. “इथे?”

त्यांनी पट्टी उजेडाकडे धरली. तिच्यावर दोन जागी पकडीच्या दातांचे वळ होते. वाकवलेला कोन स्कॅनशी जुळणारा नव्हता, अंदाजाने दिलेला होता. आगीत ती पुरती निळी पडली होती, कडांना राखाडी. हा रंग आला की भाग नामंजूर. त्यांनी एका टोकापासून सुरुवात केली आणि दुसऱ्या टोकापर्यंत, एकेका भोकाच्या काठाने, ती तपासत नेली.

पट्टी कुठेही मोडलेली नव्हती.